गंधाची डबी

गतवर्षी चातुर्मास संपल्यावर आईला घेऊन वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्यापाशी नेहमीची गर्दी होती. आईला मात्र ओढ उत्तरेकडील टोकाच्या, तीस ते चौतीस क्रमांकांच्या जैन लेण्यांची. बत्तिसाव्या लेण्याला 'इंद्रसभा' म्हणतात. वास्तविक तेथील मूर्ती इंद्राची नव्हे, यक्षाची. पण चुकीचे नावच रूढ झाले. वेलींनी वेढलेले बाहुबली, आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका, छतावर अजून टिकून असलेले रंग, हे सारे पाहता पाहता आईचा हात पिशवीतील गंधाच्या डबीकडे गेला. तीर्थंकरांच्या चरणी बोट टेकणार, तोच पहारेकरी हळू आवाजात म्हणाला, "आजी, इथं गंध लावायचं नाही."

आईचा चेहरा उतरला. "आपल्याच देवाला आपण परके झालो का रे?" या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते.

घरी परतल्यावर ते कायद्यात शोधले. १९७२ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा करार स्वीकारला, भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला आणि १९८३ मध्ये अजिंठ्यासोबत वेरूळचे नाव यादीत आले. अशा यादीत गेलेली वास्तू जगाच्या मालकीची होते, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. करार प्रत्येक देशाचे सार्वभौमत्व मानतो. जतनाचे पहिले कर्तव्य त्या देशाचेच, इतरांनी साहाय्य करायचे. मूर्तीची नासधूस करणाऱ्यास शिक्षाही करार देत नाही. ती आपल्या १९५८ च्या कायद्यात आहे : दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. युनेस्को फार तर नाव वगळते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे एल्ब नदीवर पूल बांधू लागले, म्हणून २००९ मध्ये त्या खोऱ्याचे नाव वगळले गेले. पूल मात्र पूर्ण झालाच. एवढ्या मोठ्या कराराची ही शिक्षा मला दुबळीच वाटते.

म्हणजे उरतो तो पहारेकरी. आईचे एक बोट पाषाणाला काय करणार? परंतु तिच्यामागे शाळेची सहल उभी होती, आणि प्रत्येक हाताला घाम असतो. हे पटते. तरीही आईचे दुःख मला खोटे म्हणवत नाही. ज्यांनी ती लेणी कोरवून घेतली, त्यांनी ती पूजेसाठी कोरवली होती. करारातील 'वारसा' या शब्दात त्या पूजेला कितीशी जागा आहे, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही.

त्या दिवशी आम्ही जवळच्याच डोंगरावर गेलो. तेथे तेराव्या शतकातील पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे आणि पूजा आजही होते. गुडघे दुखत असूनही आई सारा चढ चढली. डबी तेथे उघडली गेली.

उतरताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पोराला मी जरा रागानंच पाहिलं. त्याचं नाव तरी विचारायला हवं होतं."