मोजण्याच्या बाजूने

घरात बीपीचं मशीन नको, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं, आणि त्याला कारण होतं. वडील निवृत्त झाल्यावर कोणीतरी त्यांना मशीन आणून दिलं आणि त्यांचा सगळा दिवस त्याच्याभोवती फिरू लागला. आकडा वर गेला की धास्ती, आणि धास्तीने आकडा आणखी वर. जेवता जेवता उठून दंडाला पट्टा बांधायचे. ते बघून मी ठरवलं, की भूक लागते, झोप लागते, जिना चढताना दम लागत नाही, तोवर शरीराला त्याचं काम करू द्यावं. काही बिघडलंच तर ते सांगेल.

यातलं शेवटचं वाक्य मला आता मान्य नाही.

ते पहिल्यांदा डळमळलं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नोंदी वाचताना. मार्च १९४४मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन या हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासलं, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. जनतेला मात्र अध्यक्षांची तब्येत उत्तम आहे असंच सांगितलं जात होतं. त्याच वर्षी ते चौथ्यांदा निवडून आले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत याल्टाच्या परिषदेला गेले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वयाच्या ६३व्या वर्षी वारले. त्या दिवशीची नोंद आहे ३००/१९०. आकडे तर समोर होते. पण वय वाढलं की रक्तदाब चढायचाच, किंबहुना कडक झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलायला तो लागतोच, असं तेव्हा अनेक डॉक्टर मानत. सोसवतील अशी परिणामकारक औषधंही नव्हती. आज औषधं आहेत, स्वस्त आहेत, आणि आपण मात्र ‘या वयात एवढं चालायचंच’ म्हणत राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हा समज मोडला तो मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावाने. १९४८पासून तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. ही धडधाकट, कामाधंद्याची माणसं होती. त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन लिहून ठेवायचं आणि पुढे कोणाच्या हृदयाला काय होतं ते पाहायचं, इतकं साधं ते काम. पुढे ज्यांना हृदयविकार झाला, त्यांच्यातल्या अनेकांचे आकडे कितीतरी आधीपासून चढलेले होते, आणि त्या सगळ्या काळात त्यांना कसलाही त्रास जाणवलेला नव्हता. ‘शरीर सांगेल’ या भरवशावर मी बसले होते. इथे तर शरीर वर्षानुवर्षं गप्प राहिलं होतं.

तरी मनात एक आधार शिल्लक होता. आपण सडपातळ, घरचं जेवणारी माणसं. ही दुखणी लठ्ठ लोकांची. तो आधार पुण्यानेच काढून घेतला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला खोटा दिलासा देतो, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? म्हणून वजनापेक्षा शिंप्याच्या टेपवर माझा जास्त विश्वास बसला आहे. बरगडी जिथे संपते आणि कमरेचं हाड जिथे सुरू होतं, त्याच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून मोजायचं. परकराची नाडी बांधतो तिथे नव्हे. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ आहे.

वडिलांचं काय चुकत होतं, तेही आता कळतं. चहा घेतल्या घेतल्या, बोलता बोलता, कधीही मोजायचे आणि प्रत्येक आकड्याला निकाल समजायचे. रक्तदाब दिवसभर वरखाली होतच असतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं, हात हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. डॉक्टरकडे जायच्या आधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं करून वहीत लिहायचं, आणि मग मशीन कपाटात. घरची सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर ती गंभीरपणे घ्यायची. दवाखान्यात पाऊल टाकताच काहींचं बीपी चढतं, तर काहींचं नेमकं तिथेच नीट येतं. या दोन्ही गोष्टी वहीत उघड होतात. शुगर आणि कोलेस्टेरॉल डॉक्टर सांगतील तेव्हा. मनगटी घड्याळांच्या बीपीवर मात्र माझा भरवसा नाही. मशीन विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात सातारा, सिंधुदुर्गसारखे आपले जिल्हे सुरुवातीपासून आहेत. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी मोजूनही मिळतं आणि गोळ्याही मिळतात.

आमच्या भिशीत मी मशीन नेलं, तेव्हा चाळिशीतल्या एका मैत्रिणीचं १६८/१०२ आलं. थोडा वेळ बसवून पुन्हा मोजलं, तरी तेच. ‘अगं, पण मला काहीच होत नाही,’ ती म्हणाली. आठवडाभर वही भरून ती डॉक्टरांकडे गेली, गोळी सुरू झाली, लोणचं-पापड कमी झाले. काही महिन्यांनी तिचा फोन आला. आकडा १२४/८०, आवाजात आनंद, आणि लगेच प्रश्न: ‘आता बरं झालंय, तर गोळी बंद करू ना?’ अनेक घरांत याच वळणावर गोळी परस्पर बंद होते आणि बीपी पुन्हा गुपचूप चढतं. हा आकडा गोळी घेत असताना आलेला आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. कमी करायची की नाही ते डॉक्टर वही बघून ठरवतील. तोवर रोज सकाळी घे, आणि नवऱ्याचंही बीपी मोजून घे.