सावळ्या आयांची सभा

माझ्या थोरल्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी २०२५ च्या मार्चमध्ये मी अमेरिकेला गेले. सोलापूरची मी, शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. अळीव, डिंक, सुंठ आणि जुन्या सुती साड्यांची धुतलेली दुपटी बॅगेत भरून अटलांटाला उतरले. आपल्याकडच्या पुष्कळ आया याच निमित्ताने अमेरिका बघतात, आणि बघतात म्हणजे लेकीचं स्वयंपाकघर आणि दवाखाना एवढंच बघतात. माझंही तेच चाललं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "अम्मी, शनिवार कू माँ लोगां का एक प्रोग्राम है. तुमे बी चलो."

तो कार्यक्रम म्हणजे 'मदर्स ऑफ कलर' यांची एक दिवसाची परिषद होती. शब्दाला शब्द ठेवून 'रंगाच्या माता' म्हटलं तर मराठीत त्याचा काही अर्थ लागत नाही. लेकीने समजावलं, "गोऱ्या नाहीत त्या सगळ्या. काळ्या, मेक्सिकोकडच्या, चिनी, अरब आणि आपण." एकेकाळी तिथे गोऱ्यांनी काळ्यांसाठी 'कलर्ड' असा शब्द वापरला. पाण्याच्या नळांवर, रेल्वेच्या डब्यांवर तशा पाट्या लागत. 'वुमेन ऑफ कलर' हे नाव मात्र बायकांनी आपणहून घेतलं. १९७७ साली ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली, तिथे काळ्या स्त्रियांच्या मागण्यांत इतर अल्पसंख्य स्त्रियाही सामील झाल्या आणि सगळ्यांसाठी एक नाव हवं म्हणून हे पुढे आलं, असं लोरेटा रॉस या कार्यकर्तीने सांगितलं आहे. लादलेलं नाव आणि निवडलेलं नाव यांतला फरक 'दलित' या शब्दामुळे आपल्याला ठाऊक आहेच.

सभा एका चर्चच्या सभागृहात होती. दीडशेच्या आसपास बायका असतील. एका कोपऱ्यात सतरंजी टाकून लहान मुलांची सोय केली होती आणि त्यांना सांभाळायला चार-पाच तरुण मुलगे होते. मूल रडलं म्हणून कुणी वळून पाहत नव्हतं. शहराजवळच्या क्लार्कस्टन गावात सोमालिया, बर्मा, अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे, तिथल्या काही जणी दुभाष्यांसह आल्या होत्या. डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली एक उंच काळी बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अस्सलामु अलैकुम, मदर." ती सुईण होती. रीतसर शिकलेली, परवाना असलेली.

अमेरिकन मुसलमान म्हटलं की आपल्याला अरब किंवा आपल्यासारखे डॉक्टर-इंजिनिअर आठवतात. प्यू या संस्थेच्या २०१७ च्या पाहणीप्रमाणे तिथल्या मुसलमानांत पाचातला एक काळा आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांत मुसलमान होते. याच जॉर्जिया राज्याच्या सॅपेलो बेटावर बिलाली मोहम्मद नावाचा गुलाम होता. त्याने अरबीत लिहिलेली फिक्हची वही जॉर्जिया विद्यापीठाने जपून ठेवली आहे. त्या सुईणीने हे मला चहा पिता पिता सांगितलं, घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल सांगावं तसं.

सकाळचा विषय बाळंतपणातल्या मृत्यूंचा होता. सात-आठ महिन्यांची पोटुशी लेक शेजारी बसलेली, मला तो विषय नको वाटत होता. आपल्याकडे अशा दिवसांत असलं बोलणंही अशुभ मानतात. पण लेक वही काढून बसली होती. पडद्यावर सरकारी आकडे आले. २०२३ साली अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या माता १४.५ दगावल्या आणि काळ्या माता ५०.३. आशियाई मातांचा आकडा १०.७, म्हणजे गोऱ्यांहूनही कमी. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं, आणि लगेच पुढच्या रांगेतल्या काळ्या पोरींकडे लक्ष गेलं. त्यांतल्या दोघी-तिघी लेकीसारख्याच दिवस भरत आलेल्या होत्या.

गरिबी, अशिक्षितपणा हेच कारण असेल असं आपल्याला वाटतं. ते तितकंसं खरं नाही. २००७ ते २०१६ या काळाच्या अभ्यासात पदवीधर काळ्या मातांचा मृत्युदर पदवीधर गोऱ्या मातांच्या पाचपट निघाला. डॉ. शॅलन अर्व्हिंग यांचं उदाहरण तिथे प्रत्येकीला माहीत होतं. त्या अटलांटातल्याच रोगनियंत्रण केंद्रात संशोधक होत्या. विषमता माणसाची तब्येत कशी खाते, हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीनेक आठवड्यांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. रक्तदाब वाढला होता, बरं वाटत नाही म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. त्याच वर्षी टेनिसपटू सेरेना विल्यम्स बाळंत झाली. आपल्या फुप्फुसात गुठळी झाली आहे हे तिने स्वतः ओळखलं, तर औषधाच्या गुंगीत बोलते आहे असं नर्सला वाटलं. तिने हट्ट धरून तपासणी करून घेतली तेव्हा गुठळ्या सापडल्या. जगभर नाव असलेल्या बाईला जिथे हट्ट धरावा लागतो, तिथे बाकीच्यांचं काय, असा प्रश्न वक्तीने विचारला आणि सभागृह गप्प झालं.

मला एक जुना वॉर्ड आठवला. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात रात्रभर कळा येत होत्या. मी दोनदा हाक मारली. आया म्हणाली, "तुमच्यात चार-चार असतात, तुम्हाला काय नवीन?" माझं ते दुसरं होतं, आणि शेवटचं. मी ओठ दाबून पडून राहिले. घरी आल्यावर अम्मीला सांगितलं तर अम्मी म्हणाली, "सबर कर. अल्ला देखता है." मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या अभ्यासकांचा एक लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यात मुस्लिम बायकांना बुरख्यावरून, मुलांच्या संख्येवरून काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यात आहे. तो वाचला तेव्हा कळलं की ती आया एकटी नव्हती आणि मीही एकटी नव्हते.

परिषदेत त्यांनी नुसती दुःखं सांगितली नाहीत, शिकवलंही. आम्हाला जोडीजोडीने बसवलं. एकीने डॉक्टर व्हायचं, दुसरीने रुग्ण. रुग्णाने म्हणायचं, "मला काहीतरी बरोबर वाटत नाही." डॉक्टरने उडवून लावायचं. पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणायचं, "तुम्ही तपासणी नाकारत असाल तर तसं माझ्या कागदांवर लिहा." सोबत आलेल्या माणसाने वेळ टिपून ठेवायची. बाळंतपणानंतर वर्षभर डोकेदुखी, धाप, पायाची सूज आली तर 'मी अलीकडेच बाळंत झाले आहे' हे दवाखान्यात पहिलं वाक्य म्हणून सांगायचं. बाळंतपणामुळे झालेल्या मृत्यूंपैकी पाचातले चार टाळता येण्याजोगे असतात, असं तिथली सरकारी पाहणीच सांगते. अशा आयांनी आकडे गोळा करून मागण्या लावून धरल्या, म्हणून तर जॉर्जियात २०२२ पासून गरीब मातांचा सरकारी विमा बाळंतपणानंतर पूर्ण वर्षभर चालू राहू लागला. आधी तो साठ दिवसांत संपायचा.

दुपारी वाढत्या मुलांच्या आयांची बैठक झाली. काळ्या घरांत मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की आई त्याला बसवून एक गोष्ट सांगते. पोलिसाने थांबवलं तर हात दिसतील असे ठेव. खिशात हात घालू नकोस. उलट बोलू नकोस. जिवंत घरी ये. या शिकवणीला त्यांच्यात 'द टॉक' एवढंच म्हणतात. एक आई सांगत होती, "ज्या दिवशी मी हे सांगितलं, त्या दिवशी त्याचं बालपण माझ्या हातून गेलं." लगेच मेमी टिल यांचा विषय निघाला. १९५५ साली त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा एमेट शिकागोहून मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला आणि गोऱ्यांनी त्याला हाल करून मारलं. आईने शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू द्या, असा तिचा आग्रह. हजारो लोकांनी ते पाहिलं आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून बळ मिळालं. त्याच्या नावाने झुंडहत्येविरुद्धचा कायदा मात्र २०२२ साली झाला. सदुसष्ट वर्षं लागली.

माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. २०१४ च्या जूनमध्ये हडपसरला नमाजहून परतणाऱ्या आपल्या सोलापूरच्याच एका तरुण संगणक अभियंत्याला दाढी-टोपी बघून मारून टाकलं, तेव्हापासून मीही त्याला काही गोष्टी सांगत आले आहे. रेल्वेत वादात पडू नकोस. फोनवर सलाम हळू कर. घर भाड्याने बघताना नाव आधीच सांग, नंतर अपमान नको. आपल्या किती घरांत हे चालतं! आपल्याकडे याला नाव नाही. स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात सांगायचं आणि विषय बदलायचा.

एक गोष्ट लिहायलाच हवी. शेवटच्या चर्चेत एका काळ्या बाईने आम्हा देशी बायकांना सरळ विचारलं, "तुम्ही आज आमच्या रांगेत बसलात. पण घर घेताना आमची वस्ती टाळता, मुलगी आमच्या मुलाशी बोलली तर घाबरता. मशिदीतसुद्धा." कुणाला उत्तर सुचलं नाही. हज्जतुल विदाच्या खुतब्यात रसूलुल्लाहांनी गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाही, असं सांगितलं. पहिली अजान देणारे हजरत बिलाल काळे होते. हे आपण मुलांना अभिमानाने शिकवतो आणि लग्नाच्या बायोडेटात 'रंग गोरा' लिहितो. सावळ्या मुलीच्या आईला आपल्या समाजात काय ऐकावं लागतं, ते आपण जाणतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना जे नातं दिसलं, ते बाजूच्या खुर्चीवर बसूनही आपल्याला दिसू नये, याला काय म्हणावं?

'सब्र' या शब्दाचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला. अम्मीच्या सब्रवर आमचं घर उभं राहिलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सब्र म्हणजे सोसताना ईमान न सोडणं. डॉक्टरसमोर गप्प पडून राहणं म्हणजे सब्र, असं मला कोणत्याही किताबात आढळलेलं नाही. हजरत हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी सफा आणि मरवाच्या मध्ये सात वेळा धावल्या. त्या एका जागी बसून राहिल्या नाहीत. आजही प्रत्येक हाजी त्या आईच्या धावण्याचीच सई करतो.

मे महिन्यात नातीचा जन्म झाला. चौथ्या दिवशी लेकीचं डोकं दुखू लागलं, तेव्हा तिने दवाखान्यात फोन लावून पहिलं वाक्य तेच म्हटलं. रक्तदाब वाढला होता, गोळ्यांनी उतरला.

सोलापूरला परतल्यावर नई जिंदगी भागातल्या ओळखीच्या बायकांना मी एका रविवारी घरी बोलावलं. अकरा जणी आल्या, निम्म्या विडी वळणाऱ्या. तासभर गॅस, शाळेची फी, सुनांच्या तक्रारी असंच चाललं. मी वॉर्डातल्या आयाची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यात बसलेली एक तरुण बाई म्हणाली, "खाला, मेरे कू बी ऐसाच बोले थे." तिच्या शेजारची म्हणाली, "मेरे कू बी." त्या दिवशी असर होईपर्यंत आम्ही सात जणींच्या हकिकती वहीत लिहून काढल्या. तारीख, वॉर्ड आणि काय म्हणाले ते. वही माझ्याकडे आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बसतो.