दगड माझे, पाणी तुमचं

अहो,

एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण बोलायला बसलं की विषय मुलांच्या फोनवर नाहीतर सोसायटीच्या मीटिंगवर जातो आणि अथेन्सला जायचं तसंच राहतं. शिवाय तुमचं उत्तर मला पाठ आहे, "तू ठरव, मी येतो." तुम्ही नुसतं यायला नको आहात मला. ठरवायलाही हवे आहात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

तुम्ही आणलेलं युरोप सहलीचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. आपल्या चवीचं जेवण, सोबतीला आपली माणसं, बॅगा सांभाळणारा माणूस, ही सोय मोठीच आहे आणि ज्यांना ती हवी त्यांनी जरूर घ्यावी. मला खटकतं ते एवढंच, की त्यात रोज पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि शहर बसच्या काचेतून बघायचं. तुमची सगळी नोकरी धरण-कालव्यांवर गेली, माझी शाळेत. सुट्ट्या लागल्या की गावी, नाहीतर कुणाचं तरी लग्न. दोघांनीच कुठे जाऊन, घड्याळ न बघता एका जागी राहावं, असं आपल्याला जमलं नाही. आता जमवू या. एकच शहर घेऊ, अथेन्स, आणि आठवडाभर तिथेच राहू.

"पडके खांब बघायला इतका खर्च?" असं तुम्ही म्हणाला होतात. खांब माझ्यासाठी आहेत, हे मी कबूल करते. वर्षानुवर्षं मुलांना ग्रीस शिकवलं ते पुस्तकातल्या बोटभर चित्रावरून. पण या उन्हाळ्यात वाचता वाचता लक्षात आलं, की या शहरात माझ्याइतकंच तुमचंही काही आहे. अथेन्सची सगळी गोष्ट पाण्याची आहे.

तिथे पाऊस आपल्या नाशिकपेक्षाही कमी पडतो आणि गोदावरीसारखी नदी जवळपास नाही. रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १२५ च्या सुमारास पार्निथा डोंगराच्या पायथ्यापासून शहरापर्यंत सुमारे २० किलोमीटरचा जमिनीखालचा जलमार्ग खोदायला घेतला. तो १४० मध्ये, त्याच्यानंतरच्या सम्राटाच्या काळात पुरा झाला. खडकात हाताने खोदलेलं भुयार, वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी विवरं, आणि पाणी चालतं ते निव्वळ उतारावर. एवढ्या लांबीत उतार कसा राखला असेल, हे तुम्ही मला तिथे उभं राहून समजावून सांगायचं आहे. लिकाबेटस टेकडीच्या पायथ्याशी देक्सामेनी नावाचा चौक आहे, तिथे त्या जलमार्गाचा हौद होता. मधल्या काळात सगळं बुजलं, १९ व्या शतकात पुन्हा साफ करून वापरात आणलं. भुयारात आजही पाणी झिरपतं. खालांद्री नावाच्या उपनगरात ते बागांना द्यायचं काम अलीकडेच हाती घेतलं आहे.

पुढची गोष्ट तर तुमच्या खात्याचीच. १९२२ मध्ये आशिया मायनरमधून लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले. अथेन्सची वस्ती एकदम फुगली आणि पाणी पुरेना. मग त्याच दशकात मॅरेथॉनला धरण बांधलं, ५४ मीटर उंच. त्याच्या भिंतीला बाहेरून संगमरवर लावलेला आहे, तोही पेंटेली डोंगराचा, म्हणजे ज्या डोंगराच्या दगडात पार्थेनॉन उभं आहे त्याच डोंगराचा. गंगापूरच्या मातीच्या धरणावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने संगमरवरी धरण बघितलंच पाहिजे. शहरापासून ते साधारण ४० किलोमीटरवर आहे. टॅक्सी ठरवावी लागेल, आणि रस्ता धरणावरूनच जातो.

तुमचं माझं दोन्ही एका ठिकाणी भेटतं ते केरामेइकोसला. माझ्या यादीत ही जागा अक्रोपोलिसच्याही आधी आहे. जुन्या शहराच्या तटाबाहेरचं हे स्मशान. जर्मन पुरातत्त्व संस्था तिथे १९१३ पासून खोदकाम करते आहे. एरिडानोस नावाचा ओढा त्यातून वाहतो. हाच ओढा त्याआधी शहराच्या पोटात गडप झालेला आहे. मेट्रोसाठी खणताना मोनास्तिराकी स्टेशनात तो सापडला, तर त्यांनी तो पुन्हा बुजवला नाही. विटांच्या कमानीखालचं त्याचं पात्र कठड्यावरून वाकून बघता येतं. आधी स्टेशनात बघू, मग चालत केरामेइकोसला जाऊ. तिथे तोच ओढा उघड्यावर येतो, काठाला बोरू उगवलेले असतात आणि गवतात कासवं हिंडतात.

तुम्ही ओढ्याशी रेंगाळाल तेव्हा मी थडग्यांच्या रस्त्यावर असेन. तिथे हेगेसो नावाच्या बाईची शिळा आहे. जागेवर प्रतिकृती उभी आहे, मूळ शिळा राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीची. हेगेसो खुर्चीवर बसली आहे, समोर दासी दागिन्यांची पेटी धरून उभी, आणि हेगेसोने त्यातला एक दागिना उचलून चिमटीत धरला आहे. तो दागिना कोरलेला नव्हता, रंगवलेला होता. रंग केव्हाच उडाला. त्यामुळे आता तिची चिमूट रिकामी आहे आणि ती मन लावून त्या रिकाम्या चिमटीकडे बघते आहे. या शिळेचा फोटो मी किती वेळा उघडून बसले असेन! संग्रहालयात अशा शिळांची दालनंच्या दालनं आहेत. पुष्कळ शिळांवर नवरा-बायको एकमेकांचा उजवा हात हातात घेऊन आहेत. एक बसलेलं, एक उभं. गेलेलं कोण आणि मागे राहिलेलं कोण, हे कित्येकदा ओळखू येत नाही. कुणी म्हणतं हा निरोप आहे, कुणी म्हणतं नातं तुटलं नाही याची ती खूण. या शिळा मला तुमच्यासोबतच बघायच्या आहेत.

त्याच इमारतीत तुमच्यासाठी अँटिकिथेराचं यंत्र आहे. स्पंजसाठी बुड्या मारणाऱ्यांना १९०० च्या सुमारास बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले, त्यातून वर आलेलं. काशाचं, गंजून हिरवं पडलेलं. निदान तीस दंतचक्रं त्यात मोजता येतात, आणि त्यावरून ग्रहणांच्या वेळा काढता येत.

आता अक्रोपोलिस. तिथे पहिल्याच दिवशी धावायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. पोचलो की संध्याकाळी समोरच्या फिलोपापोस टेकडीवर पाइनच्या झाडांतून सावकाश चढू. तिथे तिकीट नाही आणि पार्थेनॉन अगदी समोर दिसतं. वर जायचं ते दुसऱ्या दिवशी, सकाळी उघडल्या उघडल्या. आता ठरल्या वेळेचंच तिकीट मिळतं आणि ते आधी ऑनलाइन काढून ठेवायला हवं. वाटेतला संगमरवर हजारो पावलांनी आरशासारखा गुळगुळीत झालेला आहे, कोरड्यातसुद्धा पाय घसरतो. तुमच्या गुडघ्यासाठी तळव्याला पकड असलेले नवे बूट घ्यायचे, त्यावर वाद नको. ज्यांना चढणं अशक्य आहे त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, पण तुम्हाला तिची गरज पडणार नाही. पांडवलेणी चढताच की तुम्ही.

वर गेल्यावर पार्थेनॉनच्या चौथऱ्याच्या कडेला खाली वाकून डोळा लावून बघा. ती कड सरळ नाही. मध्ये फुगत गेली आहे, आखूड बाजूला सुमारे ६ सेंटिमीटर आणि लांब बाजूला ११. खांबही किंचित आत कललेले. हे इ. स. पू. ४४७ ते ४३२ एवढ्या वर्षांत उभं केलं. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसचा तोफगोळा येऊन पडला आणि मधला भाग उडाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि दगड तडकले. गेली कित्येक वर्षं त्या काढून टायटॅनियमच्या घालताहेत. नवा दगड पांढरा आणि जुना मधाच्या रंगाचा, त्यामुळे दुरुस्ती कुठे झाली ते लपत नाही, आणि मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

अक्रोपोलिसच्या पायथ्याच्या संग्रहालयातही हेच दिसतं. वरच्या काचेच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ क्रमाने लावली आहे. अथेन्समध्ये राहिलेले तुकडे मूळ दगडाचे, आणि ब्रिटिश लॉर्ड एल्गिनने नेलेले, आता लंडनला असलेले, पांढऱ्या प्लास्टरचे. एकाच मिरवणुकीत एक घोडा दगडाचा आणि पुढचा प्लास्टरचा. माझ्या मते ते दगड परत आलेच पाहिजेत. हे मी वर्गातही सांगत असे.

दुपारी मात्र खोलीवर परतायचं, पडायचं, पाचनंतर पुन्हा निघायचं. तिथली माणसंही रात्री नऊच्या पुढेच जेवतात. कूकाकी वस्तीत खोली बघते आहे, कारण तिथून अक्रोपोलिस मेट्रो आणि तिथलं संग्रहालय चालत जाण्याजोगं आहे. विमानतळावरून मेट्रो थेट शहरात येते. गर्दीत पाकीटमारांचं भय आहे, तेव्हा पासपोर्ट आतल्या खिशात.

जेवणाची काळजी तुम्ही सोडा. ग्रीक घरांत भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून खायची रीत जुनी आहे. भात भरलेले टोमॅटो, पालक भरलेली पेस्ट्री, वालासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची भाजी, लिंबू पिळलेला उकडलेला पाला. फावा म्हणजे तर फोडणी न दिलेलं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि तेल. त्यांच्या चर्चचे उपास कडक असतात, तेव्हा मांस, दूध, अंडी बंद. असा पदार्थ 'निस्तीसिमो' म्हणून मागायचा. फक्त उपासाला त्यांना कोळंबी आणि माकूळ चालतं, म्हणून एकदा विचारून घ्यायचं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. ते कुठल्या धरणातून येतं याची चौकशी तुम्ही करालच.

आणि एक गोष्ट, जी इतकी वर्षं आपल्या दाराशी होती. पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं एका यवनाने खोदवून घेतलं आहे. इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा. लेख म्हणतो की आई-वडिलांप्रीत्यर्थ लेणं, आत चैत्य आणि पाण्याच्या टाक्या. तो अथेन्सचा नव्हता. पण बहुधा ग्रीक वंशाच्या माणसाने आपल्या डोंगरात पाण्याची टाकी खोदवली, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

जायचं दसरा झाला की, म्हणजे दिवाळीला घरी. उन्हाळ्यात तिथे इतकं तापतं की कधीकधी भर दुपारी अक्रोपोलिस बंद ठेवावं लागतं, ऑक्टोबर सुखाचा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, आणि निदान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. कागदपत्रांची फाइल मी लावायला घेतली आहे. तुमची बँकेची स्टेटमेंट तेवढी आणून द्या.

वहीत दोन दिवस कोरे ठेवले आहेत. एक मॅरेथॉनच्या धरणाचा. टॅक्सी, वेळ, काय बघायचं, सगळं तुमच्या हातचं हवं. दुसऱ्या दिवशी एकतर पिराएसहून बोटीने एजिना बेटावर जायचं, तिथे अफायाचं देऊळ आहे आणि पिस्त्याच्या बागा, नाहीतर बसने सूनिऑनला, समुद्राच्या टोकावर पोसायडनचं देऊळ बघायला. माझं मन एजिनाकडे आहे, पण निवड तुमची. रविवारपर्यंत लिहून ठेवा, सोमवारी मी विमानाची तिकिटं बघायला बसते.

तुमची,
मी