अबोलीभोवतीची चिलटं

पावसाळ्यात आरे-वारेच्या किनाऱ्यावरचा खारा वारा कोवळी पानं करपवतो, म्हणून अबोलीच्या कुंड्या घरात आणल्या. ऐन फुलोऱ्यात त्यांच्याभोवती काळी चिलटं! उडणारं चिलट तसं निरुपद्रवीच, आठवडाभर जगतं. खरी खोड वरच्या 2-3 सेंटीमीटर मातीतल्या अळ्यांची. त्या बुरशी खातात, मग कोवळी मुळं. अळ्या आहेत का ते बघायला रात्री मातीवर बटाट्याची चकती ठेवली. सकाळी उलटली तर काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या अळ्या वळवळत होत्या. केसांत माळायच्या फुलांवर विषारी फवारा कशाला? पाणी कमी केलं, पिवळे चिकट कागद लावले, वर कोरडी वाळू पसरली (नदीची हो, किनाऱ्यावरची खारट). अंड्यापासून चिलटापर्यंत 3-4 आठवडे जातात. तोवर कागद काढू नका.