क्रॅगसाइडचे दिवे आणि खटक्याची दिशा

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यांतील न्यूकॅसल हें शहर कोळशाबद्दल व जहाजांबद्दल एके काळीं जगभर प्रसिद्ध होतें. तो व्यापार आतां मागें पडला. परंतु घरगुती विजेच्या दिव्याचें बालपण ज्या थोड्या ठिकाणीं गेलें त्यांत ह्या शहराची गणना आधीं करावी लागते. जोसेफ स्वान ह्यांनीं आपला दिवा १८७९ सालीं येथेंच लोकांस दाखविला. शहराच्या उत्तरेस सुमारें तीस मैलांवर रॉथबरी नांवाचा गांव आहे, व त्याच्या वरच्या उतारावर दाट राईंत विल्यम आर्मस्ट्राँग ह्यांचा क्रॅगसाइड हा वाडा उभा आहे. तोफांच्या कारखान्यावर धनाढ्य झालेल्या ह्या गृहस्थांनीं ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून १८७८ सालीं आपल्या चित्रशाळेंत दिवा लाविला. जलशक्तीच्या विजेनें उजळलेलें जगांतील पहिलें घर तें हेंच. १९७७ पासून तें नॅशनल ट्रस्टकडे आहे, त्यामुळें तिकीट काढून कोणासही पाहतां येतें.

आमच्याबरोबर आमच्या थोरल्या चुलतबहीण आक्का होत्या. सहा महिने पुण्यास व सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीस असा त्यांचा क्रम असतो. परतीच्या वाटेवर त्या आम्हांस येथें येऊन मिळाल्या.

वाड्याचें वैभव वर्णन करण्यांत आम्ही वाचकांचा वेळ घेत नाहीं; गालिचे व तसबिरी सर्वच वाड्यांत असतात. आमचें मन गुंतलें तें ग्रंथालयांतील दिव्यांत. १८८० च्या अखेरीस स्वानचे दिवे येथें बसविले गेले. मिन्याचें काम केलेले तांब्याचे कलश हीच त्या दिव्यांचीं खोडें. कलशाच्या बैठकीच्या मधोमध पाऱ्याची लहानशी वाटी असे. कलश जागेवर ठेवला कीं त्याच्या तळांतून आलेली उघडी तार पाऱ्यांत बुडे व दिवा लागे; कलश उचलला कीं दिवा जाई. म्हणजे खालीं ठेवणें हें लावणें, व वर उचलणें हें मालविणें! इंग्रजांच्या घरीं आज बटण खालीं दाबल्यानें दिवा लागतो त्याचें मूळ ह्या कलशांत आहे असें मात्र कोणीं समजूं नये. योगायोग मौजेचा, एवढेंच.

खरें मूळ शोधावयाचें तर पुनः न्यूकॅसलकडे वळलें पाहिजे. तेथील शील्डफील्ड भागांत जॉन हेन्री होम्स ह्यांनीं १८८४ सालीं एक नवा खटका तयार केला. प्रवाह चालू असतां दोन धातु सावकाश विलग केले तर मधल्या फटींत ठिणगी लांबत राहते, धातु जळतो व आगीचें भय उत्पन्न होतें. होम्स ह्यांनीं विलग करण्याचें काम बोटाकडून काढून स्प्रिंगकडे दिलें. बोट कितीही रेंगाळो, स्प्रिंग एका क्षणांत प्रवाह तोडते. मराठींत ह्या वस्तूस ‘खटका’ म्हणणाऱ्यानें कानावर भरंवसा ठेवला असावा, व तो योग्यच ठेवला.

ह्या स्प्रिंगमुळें एक गोष्ट आपोआप झाली. खटक्याची दिशा कोणतीही ठेवली तरी यंत्राचें कांहीं बिघडेना. जुन्या उघड्या पात्याच्या खटक्याचें तसें नव्हतें. पातें सैल होऊन स्वतःच्या वजनानें पडलें तर प्रवाह तुटला पाहिजे, जुळतां कामा नये. म्हणून तेथें वर म्हणजे चालू हेंच शहाणपण. अशा पात्याविषयींचा हा नियम अमेरिकेच्या विद्युत्संहितेंत आजही आहे. त्या देशांत भिंतीवरचें साधें बटणही वर केल्यानें लागतें. जुन्या घरांत तर एकाखालीं एक दोन गुंड्या असत, व दिवा लावण्याची वरची गुंडी शिंपल्याच्या चकतीनें मढविलेली असे. इंग्लंडांत, ऑस्ट्रेलियांत व आपल्याकडे चाल उलटी. कंदिलाची वात वर चढविली कीं उजेड वाढे, हें स्मरणाऱ्यास अमेरिकन रीत सयुक्तिक वाटेल. उलट दोन्ही हातांत ताटें घेऊन स्वयंपाकघरांत शिरणारी गृहिणी कोपरानें बटण खालीं दाबूं शकते, वर मुळींच करूं शकत नाहीं. आमचें मत ह्या गृहिणीच्या बाजूचें आहे; परंतु त्यासाठीं भांडावें इतकें तें महत्त्वाचें नाहीं.

महत्त्वाचें आहे तें अंधारांतील हाताचें. “रात्रीं उठलें कीं माझा हात आधीं पुण्याला जातो, मग अमेरिकेला,” असें आक्का म्हणाल्या. गेल्या वर्षीं न्यू जर्सीच्या तळघराच्या जिन्यावर त्यांनीं बटण खालीं केलें, दिवा लागला नाहीं, तो बिघडला असें समजून त्यांनीं अंधारांतच पाऊल टाकलें. कठडा हातीं आला म्हणून निभावलें. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं कठडा हुकता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको.

आपल्या घरांतही सर्व एकसारखें असतें असें नाहीं. भिंतीवरचें बटण खालीं म्हणजे चालू, पण दाराजवळच्या पेटींतील एमसीबीची कळ वर म्हणजे चालू. दुरुस्तीस आलेला वायरमन एखादें बटण उलटें बसवून जातो व आपण हंसून सोडून देतों. जिन्याच्या दोन टोकांच्या बटणांस तर दिशाच नसते. वरचें दाबलें कीं खालच्याचा अर्थ बदलतो. असें असतां, बटण वर आहे म्हणजे प्रवाह बंद आहे, असें धरून दिवा बदलावयास स्टुलावर चढणारे लोक सुशिक्षित घरांतही आढळतात. पेटींतील मुख्य कळ बंद करावयास दोन पावलें चालावें लागतें, इतकेंच.

रॉथबरीच्या विश्रामगृहांत आक्कांस भिंतीवरचीं बटणें पुण्यासारखींच भेटलीं. स्नानगृहांत मात्र बटण नव्हतेंच. ओल्या हाताचा स्पर्श टाळण्यासाठीं खटका छतास लाविलेला, व त्यापासून एक पांढरी दोरी लोंबत होती. आक्कांनीं ती तीनचार वेळां ओढून पाहिली. “हिला वर नाहीं नि खालीं नाहीं. ओढली कीं लागतो, ओढली कीं जातो,” त्या म्हणाल्या, आणि तळघराच्या जिन्याशीं अशीच दोरी लावून घे म्हणून त्यांनीं मुलास त्याच रात्रीं कळविलें.