पेठांमधून पायी

आज पुण्याच्या जुन्या पेठांतून एका माहीतगारासोबत पायी फिरलो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे लोखंडी खिळे प्रथमच इतक्या जवळून पाहिले. चांगले वीतभर लांब, हत्तीच्या धडकेला उत्तर म्हणून ठोकलेले. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळाला. तट आणि दरवाजे तेवढे उरले.

मला मात्र भिडली ती पाण्याची गोष्ट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून, नुसत्या उताराच्या बळावर, पेठांमधल्या हौदांत खेळवलं गेलं. ना पंप, ना वीज. केवढी ही जाण!

मंडईपाशी बराच वेळ रेंगाळलो. हिच्या बांधकामावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते, हे मला फार मोलाचं वाटतं. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा इथून जवळच; पण तो २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. मूळ भिंती आता कुणालाच दिसणार नाहीत.

पेठांत जुने वाडे अजून उभे आहेत. पुण्यात राहत असाल तर वेळ काढा आणि ते पाहून घ्या.