खडी कोठे जाते?

एका मुकादमाची एका वर्षाची वेतनवाढ रोखण्यात आली, ही घटना रेल्वेसारख्या अवाढव्य कारभारात इतकी क्षुल्लक आहे की, तिची नोंद ज्या दप्तरात झाली ते दप्तर एव्हाना वाळवीने फस्त केले असले तरी त्यावाचून कोणाचे काही अडले नसेल. परंतु त्या नोंदीत कारण म्हणून जे लिहिले गेले ते मी वाचले आहे, आणि पुढे त्याच जागी जमीन उकरल्यावर जे निघाले तेही मी पाहिले आहे, आणि या दोहोंचा मेळ बसविणे मला नोकरीतून मोकळा होऊन इतका काळ लोटल्यावरही साधलेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वऱ्हाडात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील एका सेक्शनवर, रेल्वेमार्गाच्या देखभालीचा सहायक निरीक्षक म्हणून मी रुजू झालो. सेक्शनचे आणि तेथल्या अधिकाऱ्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. माझा जन्म कोकणातला, जांभ्यावरचा. पायाखालची भूमी ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आक्रसते ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण तिच्यावर माझा खरा विश्वास बसलेला नव्हता. तो पहिल्याच उन्हाळ्यात बसला. वैशाखात त्या काळ्या रानाला अशा भेगा पडत की, त्यांत पहार सोडावी तर ती मुठीपर्यंत आत जाई. आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की त्याच भेगा मिटून जात व चालणाऱ्याच्या वहाणांना शेर-शेर चिखल लागे. त्यातही हा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ, आणि मातीत सोडियमचे क्षार अधिक असल्यामुळे पाणी प्यालेली ती चिकण पुन्हा सोडायला तयार नसते.

रेल्वे या भागात आली ती याच मातीमुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचे मोल आले. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला आणि १८७० साली खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्या काळ्या जमिनीवर कापूस पिकतो तिच्यावरूनच तो वाहून न्यायचा, हे ओघानेच आले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरावासाठी माती बाजूचीच खणून घेतली जाई. परिणामी रुळांखालचा उंचवटा तर काळ्या चिकणीचा झालाच, शिवाय त्याच्या पायथ्याशी दोन्ही अंगांना खड्ड्यांची रांग तयार झाली, आणि ती दर पावसाळ्यात तुडुंब भरून राहू लागली. आमची शाखा याच पद्धतीने बांधलेली होती.

आता मूळ प्रकरण. भाद्रपदात झड लागली होती. एका भरावावर, जिथे गाडीचा वेग आधीच ‘तात्पुरता’ म्हणून कमी केलेला होता (हा तात्पुरता निर्बंध मी येण्यापूर्वी कित्येक वर्षे अमलात होता आणि दर वर्षी त्याचे बिनबोभाट नूतनीकरण होई), मालगाडीच्या दोन वाघिणी रुळांवरून उतरल्या. कोणाला खरचटलेही नाही. रात्रभर खपून मार्ग मोकळा करण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी समिती आपल्या सलून डब्यातून येऊन दाखल झाली.

समितीने प्रथम मोजमापे घेतली. वाघीण जिथे उतरली त्या जागेपासून मागे, दर तीन मीटरांवर, दोन रुळांची आडवी पातळी मोजण्यात आली. उजव्या बाजूचा रूळ खाली गेलेला होता, याबद्दल मतभेदाला जागाच नव्हती. मग तो मार्ग सांभाळणाऱ्या मुकादमाच्या टोळीची डायरी मागविण्यात आली. तिच्यात त्याच आठवड्यात त्याच जागी पॅकिंग केल्याची, म्हणजे स्लीपरखाली बीटरने खडी ठोकून भरल्याची नोंद होती. मी मनात निःश्वास टाकला. काम वेळेवर झाल्याचा हा लेखी पुरावा होता, आणि त्याने मुकादम सुटेल अशी माझी भाबडी समजूत होती. झाले भलतेच. ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी डायरी मिटली आणि म्हणाले, “म्हणजे आठवड्यात पॅकिंग झालेले असूनही रूळ खाली. मग ते पॅकिंग काय दर्जाचे होते, हे उघड आहे.”

या तर्कापाशी मी आजही थांबतो. नोंद नसती, तर मुकादमाने हयगय केली असे ठरले असते; नोंद होती, म्हणून त्याने काम निकृष्ट केले असे ठरले. तिसरी शक्यता कोणाच्या मनात आली नाही असेही नाही. ती स्पष्ट शब्दांत बोलली गेली आणि तीही त्याच्याच तोंडून. सलूनच्या पायरीखाली, डोक्यावर पोते पांघरून, तो चिखलात उभा होता. वयाने पन्नाशीच्या पुढचा, काटक, तंबाखूने दात काळे झालेला हा मनुष्य आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाला, “कायी जमीन हाय सायेब. खडी गियते. आमी वरून ठोकतो, थे खाली जाते. दर झडीले हेच ठिकान. पानी निंगत नाही तवरी किती बी ठोका.” जबानी लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती जशीच्या तशी इंग्रजीत उतरवून कागद पुढे केला. साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली, खडी खाली जाण्याचे वाक्य आणि पाण्याचे वाक्य यांवर एक सरळ रेघ ओढली, आणि “हे त्याचे मत आहे, वस्तुस्थिती नव्हे,” असे म्हणून कागद मला परत दिला. तांबडी रेघ असलेल्या त्या कागदावर मुकादमाच्या डाव्या हाताचा अंगठा घेण्यात आला. त्या बोटाच्या पेरांत चिखल होता, म्हणून कारकुनाने आधी ते फडक्याने पुसून घेतले. निष्कर्ष: अपुरे पॅकिंग. जबाबदार: टोळीचा मुकादम. शिक्षा वर सांगितलीच आहे.

मातीविषयी बोलणाऱ्या अशिक्षिताला चौकशीत गप्प करण्याची ही पहिली वेळ नव्हती. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या विधेयकावर १८२५ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे जॉर्ज स्टीफन्सनची साक्ष झाली, तेव्हा चॅट मॉस नावाच्या अफाट दलदलीतून लोहमार्ग नेण्याच्या त्याच्या कल्पनेची यथेच्छ टर उडविण्यात आली, त्याच्या गावंढळ उच्चारांचीही उडविण्यात आली, आणि ते विधेयक बारगळले. पुढल्या वर्षी नवे विधेयक संमत झाले. स्टीफन्सनने दलदलीवर झुडपांच्या आणि फांद्यांच्या चटया अंथरून त्यांवर मार्ग अक्षरशः तरंगत ठेवला, आणि १८३० साली त्यावरून गाड्या धावू लागल्या. स्टीफन्सनच्या पाठीशी धनिकांची कंपनी होती, एवढा भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे.

पुढच्या चैत्रात आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी, कोणाची लेखी परवानगी न घेता, त्या जागी चर खोदण्याचे ठरविले. ते फारसे बोलत नसत, आणि हे कशासाठी हेही त्यांनी सांगितले नाही. दोन्ही बाजूंना लाल झेंडीवाले उभे केले, दोन गाड्यांमधला मोकळा अवधी साधला, आणि दोन स्लीपरांच्या मधून, भरावाच्या कडेपासून आतपर्यंत, टोळीने आडवा चर खणायला सुरुवात केली. वरची खडी स्वच्छ होती. वीतभर खाली ती मातीने बरबटलेली निघाली. त्याखाली काळी माती लागेल अशी माझी अपेक्षा होती. लागली ती पुन्हा खडीच, मग इंजिनाच्या राखेचा एक थर, आणि राखेखाली आणखी खडी, झिजून गोल झालेली, जुन्या घडणीची. कमरेइतके खोल गेलो तरी खडी संपेना. आणि मग पाणी लागले. चैत्रात, आसपासच्या रानाला भेगा पडलेल्या, गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या, आणि रुळांखाली मात्र परातीसारख्या खोलगट झालेल्या चिकणीत गेल्या पावसाळ्याचे पाणी साठून राहिलेले. त्या पाण्याला कुबट वास येत होता. परातीची बाजू बोटाने चाचपली तर गुळगुळीत, तुकतुकीत लागली. मुकादमाने आत हात घालून एक खडा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. “ही माह्या बाच्या वक्ताची हाय,” तो म्हणाला. त्याचा बापही त्याच टोळीत होता.

घडते ते असे. ओली चिकण गाडीच्या भाराखाली दबते, स्लीपरखालची खडी तिच्यात रुतते, आणि दबलेली चिकण बाजूने वर सरकून भरावाची कड फुगविते. मध्ये खोलगट, कडेला बांध. मग पावसाचे पाणी आत शिरते, ते बाहेर पडायला वाट उरत नाही. पाणी साठले की चिकण अधिक मऊ, मऊ झाली की खडी आणखी खाली, आणि खाली गेली म्हणून वरून आणखी खडी. म्हणजे दर वर्षी आम्ही इमानेइतबारे जी खडी टाकीत होतो, तिनेच ते तळे मोठे होत होते. बीटर कितीही नेटाने मारला तरी तो पाण्यावरच मारल्यासारखे होते.

संध्याकाळच्या गाडीपूर्वी चर बुजविणे भाग होते, तो आम्ही त्याच मातीने बुजविला. पण निरीक्षकांनी पुढे एक गोष्ट केली. दर काही अंतरावर भरावाची कड फोडून, परातीच्या तळापर्यंत पोचतील असे आडवे नाले काढले, ते दगडांनी भरले, आणि पायथ्याचे खड्डे एकमेकांना जोडून त्यांचे पाणी जवळच्या नाल्यात सोडले. याला पैसा जवळजवळ लागला नाही. टोळीची मेहनत लागली. त्या पावसाळ्यात नाल्यांच्या तोंडांतून काळे पाणी वाहताना पाहून गँगमन मंडळींना जो आनंद झाला, तसा बोनसच्या दिवशीही झालेला मला आठवत नाही.

खरा उपाय अर्थात याहून मोठा आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी याच सुमारास काळ्या मातीवर विस्तृत प्रयोग करून दाखविले होते की, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या मुरमासारख्या मातीचा, सुमारे मीटरभर थर दाबून घातला तर खालच्या मातीची उलथापालथ आटोक्यात राहते. चुनाही चालतो, त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि मातीचा चिवटपणा मोडतो. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत तर निकृष्ट मातीवर खडीखाली एक मीटरपर्यंत जाडीचा ब्लँकेटचा, म्हणजे निवडक दाणेदार मालाचा, थर सांगितला आहे. ज्ञानाचा तुटवडा नाही. अडचण ही की, पूर्णेच्या गाळात मुरूम मिळत नाही. तो खोऱ्याच्या कडेच्या डोंगराकडून वाघिणींनी आणावा लागतो, मार्ग उचलावा लागतो, गाड्या थांबवाव्या लागतात, आणि त्यासाठी वेगळ्या शीर्षाखाली वेगळी मंजुरी लागते. उलट खडी देखभालीच्या खर्चात बसते. ती दर वर्षी मागा, दर वर्षी मिळते. वीस वर्षांची खडी एका जागी किती मुरली याची बेरीज मांडण्याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नाही. माझे मत विचाराल तर काळ्या जमिनीवर नवा मार्ग बांधणाऱ्यांनी पुलाच्या कमानीवर जितके लक्ष द्यावे तितकेच पायथ्याच्या गटारावर द्यावे. पण गटाराचे उद्घाटन करायला व्हाइसरॉय येत नाहीत.

त्या तांबड्या पेन्सिलीबद्दल मी पुष्कळ वर्षे मनात डूख धरून होतो. पुढे मला स्वतःला अशा समित्यांवर बसण्याचा प्रसंग आला, तेव्हा नमुन्यातले प्रश्न पाहिले: आडवी पातळी किती, रुळांतील अंतर किती, शेवटचे पॅकिंग केव्हा. भरावात खाली काय आहे, हा प्रश्न नव्हता. आणि संध्याकाळच्या आत अहवाल द्यायचा असलेला माणूस कमरेइतका खड्डा खणत बसणार नाही, हेही समजण्यासारखे आहे. मुकादमाची टोळी आपल्या कामात सर्वस्वी निर्दोष होती असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दुसऱ्या एका तुकड्यावर, जिथे जमीन चांगली होती, तिथेही त्यांचे पॅकिंग मला एक-दोनदा ढिले आढळले होते. इतके समजून घेतल्यावरही ती रेघ मला माफ करता येत नाही.

चराची मोजमापे, रेखाचित्र आणि मुरमाच्या थराचे अंदाजपत्रक निरीक्षकांनी वर पाठविले, आणि सोबत मुकादमाच्या अपिलाचा मसुदा माझ्याकडून लिहवून घेतला. अंदाजपत्रकाचे दोन भाग पाडण्यात आले. पहिल्या भागाला मंजुरी मिळून भरावाच्या एका टोकावर मुरूम पडला, आणि तेवढ्या लांबीवरचा ‘तात्पुरता’ निर्बंध उठला. अपिलाचे उत्तर आले की, मुदत टळून गेली असल्यामुळे त्यावर विचार करता येत नाही. ते मी मुकादमाला वाचून दाखविले. त्याने चंची सोडली, तंबाखू मळली आणि विचारले, “बाकीचा मुरूम कवा येते सायेब?” माझी बदली झाली तोपर्यंत तो आलेला नव्हता.